सीफूड म्हणजे नक्की काय काय? वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मेनूकार्डावरच्या शब्दांबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की 'सीफूड' हा शब्द किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी सहसा येत नाही, तो पाहुण्यासाठी काढून ठेवलेला शब्द आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. काहीजण रागावलेत, काहीजण खरंच अडलेत. जागेपुरती निवडून घेतलीत, नावं कुणाचीच देत नाही, गाव तेवढं देतेय.

प्रश्न (इंदापूर तालुका) : ताई, आमचा पोरगा मुंबईला नोकरीला लागलाय. ऑफिसच्या जेवणाचं ठरवताना सगळ्यांना विचारलं सीफूड चालतं का, हा म्हणाला चालतं की, आम्ही लहानपणापासून उजनीचे मासे खातो. त्यावर एकजण म्हणाला धरणातला मासा सीफूड नसतो, तुला काही माहीत नाही. पोरगा फोनवर हिरमुसला होता. चिलापी सीफूडमधे येते का नाही ते एकदा स्पष्ट सांगा.

उत्तर : दादा, पहिलं मुलाला सांगा की त्याला माहीत नाही असं काही नाहीये. शब्द फोडून बघितला तर तो दुसरा मुलगा बरोबर वाटतो, सी म्हणजे समुद्र, फूड म्हणजे खाणं, आणि उजनी तर भीमेवरचं धरण, समुद्र कुठं नि इंदापूर कुठं. पण शब्द असा फोडूनच वापरायचा म्हटलं तर बऱ्याच जणांची पंचाईत होईल. हा शब्द एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या इंग्रजीत आला आणि त्याच अमेरिकेत आज दुकानातल्या सीफूडच्या काउंटरवर तळ्यात वाढवलेला कॅटफिश असतो आणि तिलापियापण असतो, तिथल्या सरकारचे सीफूडबद्दलचे नियम गोड्या पाण्यातल्या माशालासुद्धा लागू आहेत. आणि तिलापिया म्हणजेच तुमची चिलापी! मूळची आफ्रिकेतली, भारतात पहिल्यांदा आणली १९५२ साली, आणि आता पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला लोक गाड्या थांबवून तिची थाळी खातात, कुरकुरीत तळलेली, सोबत ज्वारीची भाकरी आणि तो झणझणीत रस्सा. म्हणजे तुमच्या घरी शिजते ती चिलापी अमेरिकेत सीफूड आणि दादरला नाही, असं झालं.

आता उलटीकडून बघा. आपल्या देशातून जे सीफूड बाहेर जातं त्याच्यासाठी १९७२ पासून एक सरकारी प्राधिकरण आहे, कोचीला, एमपीईडीए म्हणतात, त्याच्या नावातच समुद्री उत्पादनं असं आहे. तर या निर्यातीत सगळ्यात जास्त पैसा येतो तो गोठवलेल्या कोळंबीतून. आणि ही कोळंबी बहुतेक सगळी व्हानामी जातीची, मूळ अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची, आपल्याकडे तिची शेती करायला परवानगी मिळाली २००९ मधे, आणि ती वाढते कुठे तर आंध्रात वगैरे जमिनीवर खोदलेल्या तळ्यांमधे, पाण्यात हवा मारणारी चाकं रात्रंदिवस फिरत असतात, वेळच्या वेळी खाद्य टाकतात. मोकळ्या समुद्रात ती कधी पोहलेलीच नसते. तरी खोक्यावर सीफूड.

म्हणून माझं म्हणणं असं की बाजाराच्या भाषेत सीफूड म्हणजे पाण्यातनं आलेलं, खाण्याचं, सगळं. आपल्याकडच्या बोलण्यात मात्र सीफूड म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर खाऱ्या पाण्यातलंच येतं, सुरमई, पापलेट, कोळंबी, खेकडे, हे खरंय, आणि तुमच्या मुलाला विचारणाऱ्याचा अर्थ तोच होता. पण बाजाराच्या भाषेत तुमच्या मुलाचं 'चालतं' हे उत्तर बरोबरच होतं.

अजून एक सांगायचंय दादा, ते तुमच्या पत्रात नाहीये पण मला राहवत नाही. समुद्राचं खाणं घाटावर नवीन आलंय असं जे मुंबईतले लोक समजतात ना, ते मला पटत नाही. तुमच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणारी बाई असतेच की नाही? सातारा, कोल्हापूर, नाशिक, नगर, कुठल्याही गावच्या बाजारात जा, एका कडेला तो वास येतोच, पोत्यावर सुकटीचा ढीग, बाजूला बोंबलाच्या जुड्या. समुद्र ज्यांनी जन्मात बघितला नाही अशा कितीतरी आज्यांनी तव्यावर सुकट भाजून, कांदा-मिरची टाकून, भाकरीवर वाढलीय, पावसाळ्यात भाजी नसली की बोंबलाची चटणी केलीय. बोंबील ओला असताना त्याच्या अंगात पाणीच फार, टिकत नाही, लांब नेता येत नाही, म्हणून किनाऱ्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूवर टांगतात आणि कडक उन्हात वाळवतात, मग तो घाट चढून तुमच्यापर्यंत येतो. हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तेव्हा सीफूड तुमच्या घरात तुमच्या पणजीपासून आहे, फक्त त्याला सुकट म्हणतात. मुलाला हेपण सांगा.

प्रश्न (पुणे, निवृत्त शिक्षक) : मराठीत 'समुद्री अन्न', 'सागरी खाद्य', 'मत्स्याहार' असे शब्द असताना तुम्ही लोक 'सीफूड' का छापता? मराठीला शब्दांची कमतरता आहे काय?

उत्तर : सर, कमतरता अजिबात नाही, उलट शब्द एवढे आहेत की एकाच शब्दावर भागत नाही, मला वाटतं खरी गोष्ट तिथेच आहे. तुम्ही सुचवलेले शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा, 'आज आमच्याकडे सागरी खाद्य केलंय', असं कुणी शेजारणीला सांगेल का हो? समुद्री अन्न हे सरकारी कागदावर शोभतं. मत्स्याहार डॉक्टरांच्या लेखात ठीक आहे, पण मत्स्य म्हणजे मासा, मग त्यात खेकडा कुठे बसवायचा, कालवं कुठे बसवायची, माकुल (स्क्विड) कुठे?

बोलण्यातले शब्द बघा ना. मासळी आहे. मासळी बाजार म्हटलं की त्यात कोळंबीपण आली, चिंबोऱ्यापण आल्या, तिसऱ्यापण आल्या, कुणी विचारत नाही की खेकडा हा मासा आहे का. सीफूडच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला विचाराल तर मासळीच. मग कोळी-आगरी लोकांचं म्हावरं आहे, त्यातपण सगळं येतं, ओलं म्हावरं, सुकं म्हावरं. गोव्यात नुस्तें. मासे विकणारी ती नुस्तेकान्न, आणि दुपारच्या ताटात शीत-कडी आणि त्याच्यासोबत नुस्तें हवंच. मालवणीत वशाट आहे, पण तो शब्द मोठा आहे, त्यात मटण-कोंबडीपण येते, त्याच्या उलट शिवराक, म्हणजे सोमवारी शिवराक असतं ते.

पण सर, मुद्दा असा की हे सगळे शब्दसुद्धा घरात फार लागत नाहीत. माझी आई अलिबागकडची. बाबा पिशवी घेऊन आले की आई विचारायची काय आणलं, आणि बाबा कधीही 'मासे' असं उत्तर द्यायचे नाहीत. 'बांगडे' म्हणायचे, किंवा 'मांदेली बरी होती म्हणून घेतली', किंवा 'काही नव्हतं, कर्ली मिळाली'. कारण पुढचं सगळं त्या एका नावावर ठरायचं. बांगडा असेल तर तिरफळ आहे का बघ, मांदेली असेल तर तळायचीच, कर्ली असेल तर मुलांना काटे काढून कोण देणार. 'सीफूड आणलंय' असं सांगितलं असतं तर आईला काही कळलंच नसतं, चूल पेटवायची का कढई काढायची. जिथे मासळी रोजची असते तिथे प्रश्न कुठली हा असतो, आणि म्हणून तिथे नावं वाढत जातात. कोळंबीचंच बघा, एकदम बारीक तो जवळा, त्याच्याहून जरा मोठी करंदी, मग कोळंबी, मोठी असेल तर टायगर म्हणतात आता, सोलून वाळवली की तेच सोडे, मालवणात-गोव्यात गेलं की सुंगटं. (जवळा तसा वेगळाच जीव आहे, कोळंबीचं पिल्लू नाही, पण बाजारात त्याची जागा या रांगेतच.) खेकड्याला कुणी चिंबोरी म्हणतं, कुणी कुर्ली. शिंपल्यांचं तर विचारूच नका, तिसऱ्या, शिवल्या, खुबे, दर दहा मैलांवर नाव बदलतं आणि कधीकधी नाव तेच राहून आतला जीव बदलतो.

मग सीफूड शब्द लागतो कुठे? जिथे टोपलीत नेमकं काय आहे ते बोलणाऱ्याला माहीत नसतं, किंवा त्याला फरक पडत नसतो. हॉटेलवाला बोर्ड रंगवतो तेव्हा रोज काय मिळेल त्याला कुठे माहीत असतं. निर्यातवाला कंटेनर भरतो. लग्नाच्या पत्रिकेसोबत मेसेज येतो, नॉनव्हेज आहे पण सीफूड नाही. या जागा खऱ्या आहेत, तिथे तो शब्द काम करतो, आणि त्या जागी तो मी छापणार. पण सुरमईच्या कालवणाच्या रेसिपीवर 'सीफूड रेसिपी' असं शीर्षक मी देणार नाही. सुरमईला नाव आहे.

प्रश्न (वेसावे, मुंबई) : तुम्ही लिहिलंत किनाऱ्यावरचे लोक सीफूड म्हणत नाहीत. आमच्या गावच्या महोत्सवाचं नावच वेसावा कोळी सीफूड फेस्टिवल आहे. एवढं माहीत नव्हतं का?

उत्तर : माहीत होतं, दोनदा येऊन जेवूनपण गेलेय, आणि तुमचं बरोबर आहे की मी ते वाक्य फार सरसकट लिहिलं. कोळीवाड्याच्या अंगणात मांडव घालून, दागिने-लुगडी नेसून तुमच्या आयाबहिणी स्वतःच्या हातचं रांधून मुंबईला वाढतात, आणि मुंबईत गुजराती, पंजाबी, दक्षिणेकडचे सगळे येतात, त्यांना म्हावरं हा शब्द कळायचा नाही म्हणून बॅनरवर सीफूड. ते योग्यच आहे. मला म्हणायचं होतं ते बॅनरच्या आतल्या बाजूचं. मी ज्या स्टॉलवर बसले होते तिथे बॅनरवर सीफूड होतं आणि मागे चुलीपाशी एक मावशी दुसरीला ओरडून सांगत होती की बोंबील संपले, भरलेलं पापलेट घे पुढे. शब्द दाराशी एक आणि चुलीपाशी दुसरा. दोन्ही तुमचेच.

पापलेटचा विषय निघालाच तर, २०२३ मधे सरकारनं रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केलंय, आणि पापलेट हा शब्दसुद्धा इंग्रजी पॉम्फ्रेटवरून आपल्या जिभेवर घोळून तयार झालेला, जुने लोक सरंगा म्हणतात. म्हणजे बाहेरून आलेला शब्द कधीकधी इतका आपला होतो की तो राज्याचा मासा होतो. सीफूडचं तसं होईल का, बघू.

प्रश्न (कॉलेजची विद्यार्थिनी, नांदेड) : मॅम, सीफूड कसं लिहायचं, सी फूड, सी-फूड की सीफुड? आणि 'सीफूड आवडतो' की 'आवडतं'?

उत्तर : एकत्र लिही, सीफूड, फू दीर्घ. लिंग नपुंसक, फूड म्हणजे खाणं, ते खाणं म्हणून ते सीफूड, 'मला सीफूड आवडतं', 'सीफूड खाल्लं'. अनेकवचन होत नाही. प्रत्यय लावताना सीफूडचा, सीफूडमधे असं सरळ लाव, सीफूडाचा नको, कानाला बरं लागत नाही. आणि मॅम नको गं, ताई म्हण.

प्रश्न (ठाणे) : ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोनदा कोळंबी खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. मासे मात्र ती लहानपणापासून खाते, काही होत नाही. शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर ॲलर्जीच्या रकान्यात मी 'सीफूड' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या अगं मग तिला बांगडापण देणार नाहीत. काय लिहायचं?

उत्तर : सासूबाईंनी बरोबर पकडलंय, आणि या एका ठिकाणी सीफूड हा शब्द मला खरंच धोक्याचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सीफूड या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळी घराणी कोंबलेली आहेत. एक मासे, ज्यांना पाठीचा कणा असतो, काटे असतात, बांगडा, सुरमई, रावस, बोंबील हे सगळे. दुसरं कवच आणि पायवाले, कोळंबी, करंदी, जवळा, खेकडे, शेवंड (लॉब्स्टर). तिसरं शिंपल्यातले आणि त्यांचे नातेवाईक, तिसऱ्या, कालवं, शिनाणे, आणि माकुलसुद्धा यातच येतो, जरी त्याला बाहेरून शिंपला नसला तरी. ॲलर्जी ही ठरावीक प्रथिनाची असते. कोळंबी-खेकड्यात जे प्रथिन मुख्यतः त्रास देतं त्याला ट्रोपोमायोसिन म्हणतात, माशाची ॲलर्जी असणाऱ्यांना मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिन नावाचं वेगळंच प्रथिन त्रास देतं. म्हणून कोळंबी न चालणाऱ्या बऱ्याच लोकांना मासा चालतो, तुमच्या मुलीसारखा. पण कोळंबी चालत नाही त्याला खेकडा आणि शेवंड चालेल असं मात्र धरू नका, ते प्रथिन फार सारखं असतं, आणि तिसऱ्या-माकुलाचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

फॉर्मवर असं लिहा : 'कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी. मासे चालतात.' पूर्ण नावं लिहा, रकाना छोटा असेल तर मागच्या बाजूला लिहा. सोडे आणि जवळा मुद्दाम लिहायला सांगतेय कारण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सोडे म्हणजे कोळंबी हे सुचतंच असं नाही, वांग्यात चार सोडे टाकतात चवीला, सुकटीच्या चटणीत तर जवळाच असतो, आणि थायी करीच्या पेस्टमधे, प्रॉन्स वेफर्समधे पण कोळंबी असते. पाकिटावरची ॲलर्जीची ओळ वाचायची सवय लावा, आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार तिथे मासे वेगळे आणि कोळंबी-खेकड्याचा वर्ग वेगळा लिहावा लागतो, त्या वर्गाला इंग्रजीत क्रस्टेशियन म्हणतात, तो शब्द मुलीलाही ओळखायला शिकवा. कोळंबी तळलेल्या तेलातच मासा तळला असेल तरी त्रास होऊ शकतो, हॉटेलात हे विचारावं लागतं, आणि काहींना नुसत्या शिजण्याच्या वाफेनंही होतं.

दोनदा झालंय आणि ओठ सुजलेत म्हणजे ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवाच, पुढच्या वेळी किती होईल ते आधी सांगता येत नाही. श्वास लागला, आवाज घोगरा झाला, उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

आणि दोन गैरसमज जाता जाता. सीफूडची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी असं सांगतात ते खरं नाही, ती प्रथिनाची असते. दुसरं, कधीकधी नेहमी बांगडा खाणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी बांगडा खाऊन तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि तो म्हणतो मला आता मासे चालत नाहीत. ती बऱ्याचदा ॲलर्जी नसतेच. बांगडा, कुपा, सुरमई असे मासे बर्फाशिवाय तापले की त्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. आमच्याकडे घरात झालंय हे, बर्फ वितळलेल्या टोपलीतले बांगडे स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि रात्री तिघांना पुरळ. बांगडा घेताना बर्फ बघा, कल्ले उघडून लाल आहेत का बघा, डोळा खोल गेलेला असेल तर नको.

प्रश्न (गुहागर तालुका) : आम्ही नवराबायकोनं होमस्टे सुरू केलाय, बोर्ड रंगवायचाय. 'सीफूड थाळी' लिहू की 'मासे थाळी'? मुलगा म्हणतो सीफूड लिहिलं की जास्त पैसे घेता येतात.

उत्तर : रस्त्यावरच्या मोठ्या बोर्डवर सीफूड लिहा, गाडीतल्या माणसाला लांबून ओळखू येतं, परराज्यातल्यालाही कळतं. पण दाराशी एक छोटी काळी पाटी लावा आणि रोज सकाळी खडूनं लिहा, आज काय आहे : सौंदाळे, मुडदुशी, खेकडे. त्या पाटीला मोल आहे, कारण त्यावरून पाहुण्याला कळतं की मासळी आज बंदरावरून आलीय, फ्रीजरमधून नाही. आणि मराठी नावंच लिहा, खाली हवं तर इंग्रजी. मुंबईची तरुण मुलं मोठ्या हॉटेलात 'कलमारी' मागवतात, महाग असते, आवडते, पण मालवणात माकुल दिसला की हे काय म्हणून नाक मुरडतात, कारण दोन्ही एकच हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या पाटीवरून कळेल. फक्त रावसाच्या खाली 'सामन' लिहू नका, इंग्रजीत इंडियन सामन म्हणायची पद्धत आहे पण सामन हा वेगळ्याच घराण्यातला थंड पाण्यातला मासा आहे, पाहुणा फसवल्यासारखं म्हणेल.

अजून एक, जून-जुलैचं काय करणार ते आत्ताच ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, अंडी घालायचा काळ असतो, समुद्रही खवळलेला. त्या दोन महिन्यांत 'ताजं सीफूड' लिहिलं तर जाणकार माणूस विचारेल कुठून आणलं. त्यापेक्षा मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करून ठेवा, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा, आणि पावसाळ्यात पाटीवर लिहा सोड्याची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण. लोक मुद्दाम येतील, कोकणातला पावसाळा बघायला येतातच, आणि सोड्याची खिचडी शहरात फार घरांत होत नाही आता. नारळी पौर्णिमेनंतर परत ओली मासळी.

प्रश्न (अमरावती) : आम्ही शुद्ध शाकाहारी. समुद्रातलं शेवाळ सीफूडमधे धरतात का? मग मीठही धरायचं का?

उत्तर : खाण्याचं समुद्री शेवाळ काहीजण सीफूडमधे धरतात, जपान-कोरियाकडे ते रोजचं खाणं आहे. आपल्याकडे बोलताना कुणी धरत नाही. पण तुम्ही चायना ग्रासचं पुडिंग किंवा जेली खाल्ली असेल तर ते अगर-अगर समुद्री शेवाळापासूनच काढतात, प्राण्यापासून नाही, तुम्हाला चालायला हरकत नसावी. मीठ नाही, मीठ खनिज.

प्रश्न (पेण) : ताई, आमच्या खारेपाटात शेततळ्यात जिताडा वाढवतात. खाडीतपण मिळतो. मग तो तळ्यातला मासा की सीफूड? आमच्यात यावरून जेवताना वाद झाला.

उत्तर : वाद झाला म्हणजे ताटात जिताडा होता, नशीबवान आहात! हा मासा दोन्हीकडचा आहे. गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे जातो. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि मोठे झाले की त्यांची मादी होते, म्हणजे ज्याला स्वतःचं एक घर नाही, एक रूप नाही, त्याला आपण एका शब्दात कसं बसवणार. भरतीच्या पाण्यासोबत पिल्लं आत येतात किंवा खाडीतून आणून सोडतात, भातशेतीच्या कडेच्या तळ्यात ती दोन-तीन वर्षं पोसली जातात, आणि मग जावई यायचा असला, कुणा मोठ्या माणसाचं काम झालं, की तळ्यातनं जिताडा काढून पाठवायचा ही आपल्या भागातली जुनी पद्धत. ऑस्ट्रेलियात यालाच बॅरामुंडी म्हणतात आणि तिथे तो सीफूडच.

माझ्या आजोळी दोन्ही यायचे. आजी तुकडा तोंडात टाकून सांगायची हा खाडीचा आणि हा तळ्यातला, तळ्यातल्याला जरा मातीची चव येते, म्हणून ती त्याला चिंच जास्त घालायची आणि लसूण ठेचून फोडणीत. खाडीचा असेल तर नुसतं मीठ-हळद-मिरची. पुढच्या वेळी जिताडा आला की दोन्ही तुकडे वेगवेगळे करून बघा, आणि डोकं कुणाला वाढलं ते मला कळवा, आमच्याकडे खरा वाद त्यावरून व्हायचा.